दोन मजले, एक डबा

१० सप्टेंबर, बुधवार

‘तू आयटीत आहेस ना, मग तूच बघ!’ — आज पुन्हा. या घरात गिझर, दारावरची बेल आणि सासूबाईंचा मिक्सर हे सगळं आयटीत येतं. मी येरवड्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, एवढंच. घरातल्या शोधायला लागले तर नोकरी सोडावी लागेल.

आजचा रुग्ण: जिन्याच्या वळणावरचा जुना कॉम्प्युटर. आतून टकटक आवाज येतोय. डिस्क चाललीय. मामंजींनी जाण्याआधी हौसेने घरातला फोटो न् फोटो स्कॅन करून त्यात भरला होता — शेत, विहीर, बैलपोळा, दोन्ही मुलांची जावळं, आमची लग्नं. मूळ अल्बमांना नंतर वाळवी लागली. म्हणजे जे काही शिल्लक आहे ते त्या टकटकणाऱ्या खोक्यात.

विश्वजीतने पाहणी केली. फुंकर मारली. ‘धूळ असेल.’ टीव्हीचा रिमोट चालेना की सेल काढून तळहातावर घासणारा माझा नवरा! त्याने निदान केलं. आता प्रश्नच मिटला.

११ सप्टेंबर, गुरुवार

साधी पोर्टेबल डिस्क आणू आणि फोटो उतरवून घेऊ, म्हटलं. पहिला प्रश्न — ‘ती कुणाच्या कपाटात राहणार?’

मग इंटरनेटवर ठेवू. रंगनाथदादा — माझे मोठे दीर, मुक्काम तळमजला — म्हणाले, ‘आपल्या घरचं फोटो परदेशात कशाला?’ मुद्दा बिनतोड. परदेशातले लोक आमची विहीर बघायला टपूनच बसलेत.

म्हणून मी मधला मार्ग सुचवला. हात दाखवून अवलक्षण! घरातल्या घरात, आपल्याच वायफायला जोडायचा एक डबा मिळतो. नेटवर्क स्टोरेज म्हणतात. त्यात डिस्क बसवायच्या. खालच्यांनी खालून बघावं, वरच्यांनी वरून. कुणाच्या कपाटात जायला नको, कुणाचं तोंड बघायला नको.

‘तोंड बघायला नको’ हे मी मनात म्हटलं. पण खरी गोष्ट तीच आहे. पाडव्याला एका बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला, तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दादांना घर पाडायला द्यायचंय, विश्वजीतला नाही. पेढे मात्र दोघांनी खाल्ले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

डब्याला मंजुरी मिळाली. सासूबाईंनी जिन्यात उभं राहून दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला — ‘काय आणायचं ते एकच आणा. खाली एक, वर एक, असलं नाय चालायचं. दोन डबे आले म्हंजी दोन घरं झाली.’

सासूबाई खाली जेवतात, वर झोपतात. दोघांचंही ऐकतात आणि कुणाचंच ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं काय ते लगेच कळलं मला. घर एकत्र ठेवायला आजवर लोक सत्यनारायण घालायचे. आम्ही नेटवर्क स्टोरेज घेतोय.

पण लगेच नाही हं! पितृपंधरवडा आहे. नवीन वस्तू घरात आणायची नाही. डिस्क टकटक करत्येय, आणि आम्ही पंचांग बघतोय.

माझ्याकडच्या एकुलत्या एक पेनड्राइव्हवर मावलं तेवढं उतरवून घेतलं. दोन लग्नं मावली. त्यातलं एक चुलत नणंदेचं.

१४ सप्टेंबर, रविवार

मामंजींचं श्राद्ध. दोघे भाऊ शेजारी शेजारी पाटावर. एकाच ताम्हनात पाणी सोडलं, एकमेकांकडे न बघता. गुरुजींनी ‘दोघांनी मिळून’ म्हटलं की दोघे वेगवेगळ्या दिशेला बघून हात पुढे करायचे. कावळा मात्र पान ठेवताक्षणी शिवला. मामंजींना इथून निघायची घाई असावी.

जेवताना दादा म्हणाले, ‘वैष्णवी, त्याला सांग, डबा खाली ऱ्हाईल.’

‘तो’ दादांच्या डाव्या कोपराला लागून बसला होता. मी सांगितलं.

‘त्याला सांग, वरचं इंटरनेट जास्त चांगलं आहे,’ तो मला म्हणाला. मी तेही सांगितलं. लोक नवीन राऊटर घेतात, आमच्याकडे सून आहे.

आणि हो, इंटरनेटसुद्धा दोन. आधी एकच कनेक्शन होतं, वरच्या मजल्यावर. पाडव्यानंतर दादांनी स्वतःचं घेतलं. एका घरात दोन वायफाय, आणि दोन्हींचे पासवर्ड एकमेकांपासून लपवलेले. दोन्ही मला माहीत आहेत. दोन्हींत मामंजींचंच नाव आहे!

१७ सप्टेंबर, बुधवार

निवडीवर सभा. स्थळ जिना. दादा खालच्या पायरीवर, विश्वजीत वरच्या, सासूबाई मधल्या कठड्याला टेकून, हेमाताई दारात लसूण सोलत. हेमाताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. घरात सगळ्यात शहाण्या, त्यामुळे गप्प.

मी सांगितलं: दोन खणांचा डबा मिळतो आणि चार खणांचाही. आपल्याला दोन पुरे.

‘दोन खण, दोन भाऊ,’ दादा म्हणाले. ‘एक माझा. सरळ हिशोब.’

नाही, म्हटलं. तसं नसतं ते. दोन्ही डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते. फोटो टाकला की दोन्हीकडे उमटतो. एक डिस्क मेली तरी दुसरी आहे, काही जात नाही.

‘म्हणजे दोन घ्यायच्या आणि एकीइतकीच जागा वापरायची?’ विश्वजीतला एकदम धक्का बसला. तो खरेदी विभागात आहे. ‘ह्यात आपला फायदा काय?’

फायदा काय! आग विझवायच्या बंबाला हाच प्रश्न विचारेल हा.

सासूबाई कठड्यावरून पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, ‘एक काढली तर?’

‘दुसरीवर सगळं राहतं, आई.’

‘सगळं?’

‘सगळं.’

‘मग त्योच घे,’ म्हणाल्या, आणि लसूण सोलायला बसल्या. आठवडाभर मी वाचलेली परीक्षणं, केलेले तक्ते, सगळं गेलं लसणाच्या सालांबरोबर.

२० सप्टेंबर, शनिवार

विश्वजीतला घेऊन तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. फक्त चौकशी — चौकशीला पितरांची हरकत नसते, असं विश्वजीतचं मत. गाडी मंडईला लावली आणि तिथून चालत. जाताना रिकामी होते, येताना एक जुडी मेथी आणि एक अपमान.

दुकानदार: ‘इंटरनेटवर वाचून आलात का?’

मी: ‘हो.’

‘सगळं वाचलंत?’

‘बरंचसं.’

‘मग मला काय विचारताय?’

तरी विचारलं. डबा रिकामा मिळतो, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. कॉम्प्युटरच्या साध्या डिस्क यात घालू नयेत, रात्रंदिवस चालणाऱ्या वेगळ्या येतात. ‘साध्या घातल्या तर?’ विश्वजीत. दुकानदाराने त्याच्याकडे नुसतं बघितलं. चष्म्यावरून. तो अपमान माझ्या नावावर धरायचा की त्याच्या, हे घरी येईपर्यंत ठरलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

पंधरवडा संपला, घट बसले. आज आणू का? नाही. आता दहा दिवसांवर दसरा आलाय तर मुहूर्तावरच आणू.

तसं डिस्कला कळवलंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

टकटक थांबली. पळत जिन्यात गेले. सासूबाई कॉम्प्युटरवर हात ठेवून उभ्या. ‘ताप हाय अंगात,’ म्हणाल्या. त्यांनी वरून ओलं फडकं ठेवलं होतं!

फडकं काढलं. टकटक पुन्हा सुरू झाली. त्या आवाजाने इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

डबा आला. पाटावर बसवला. शेजारी कोयता, शिवणयंत्र, विश्वजीतची बाईक (चाकापुरती). हळद-कुंकू, झेंडूची माळ. मी फक्त एवढंच म्हटलं, ‘आई, पाणी शिंपडू नका.’ मग त्यांनी गोमूत्र शिंपडलं.

आणि डिस्क? त्या कुरिअरमध्ये अडकल्यात. मुहूर्तावर रिकामा डबा पुजला आम्ही. सोनं दिलं-घेतलं. दादांनी आपट्याचं पान विश्वजीतच्या हातात न देता टीपॉयवर ठेवलं, विश्वजीतने ते उचललं. प्रगती म्हणायची.

४ ऑक्टोबर, शनिवार

डिस्क आल्या. पहिली बसली. दुसरी अर्ध्यातच अडली. ढकलली, पुन्हा ओढली. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, ‘ताकद लावू नका. अक्कल लावा.’

बॅटरीने आत बघितलं. सुपारी! आणि चार अक्षता.

‘रिकामं भांडं घरात ठिवत नसत्यात,’ सासूबाई. ‘दोन दिस तसंच ऱ्हायलं असतं. तुला शिकीवलं नाय व्हय कुणी?’

नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा भाग राहून गेला. सुपारी चिमट्याने काढली, अक्षतांसाठी डबा उलटा करून झटकला. तांदळाचा एक दाणा अजून आत आहे. हलवलं की ऐकू येतो.

५ ऑक्टोबर, रविवार

डबा कुठे ठेवायचा? खाली — विश्वजीत नाही म्हणाला. वर — दादा नाही म्हणाले. तेव्हा जिन्याच्या वळणावर, जुन्या कॉम्प्युटरशेजारी, इन्व्हर्टरच्या डोक्यावर. कुणाच्याच मजल्यावर नाही. सीमेवरच्या चौकीसारखा.

पण डबा एक आणि वायफाय दोन! एकच करा म्हटलं, तर दोघांनी मला एकच उत्तर दिलं — ‘त्याला सांग, त्याचं बंद कर.’ शब्दसुद्धा तेच. भाऊ ते भाऊच.

शेवटी सासूबाईंनी खालचा राऊटर उपटला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. खरंच पिठाच्या! वरून मी खाली वायर सोडली. आता दोन्ही मजले एका वायरवर आहेत. पासवर्डवरून पुन्हा ठिणगी पडणार होती. ‘थोरल्याकडं नाय, धाकट्याकडं नाय, वैष्णवीकडं ऱ्हाऊ दे,’ असा हुकूम सुटला. लग्नात मला या घराच्या किल्ल्या मिळाल्या नव्हत्या, त्या आज मिळाल्या असं समजते.

जुन्या डिस्कवरून फोटो उतरवायला लावले. ती टकटक करत, धापा टाकत देत्येय. दे बाई, दे.

६ ऑक्टोबर, सोमवार

आलं! बहुतेक सगळं आलं. काही फोटो उघडले नाहीत — त्यात माझ्या लग्नातला, विश्वजीत उखाणा विसरला तो क्षण. त्याला अतोनात दुःख झालं म्हणे.

दुपारी जुनी डिस्क थांबली. या वेळी फडकं नव्हतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रोज सकाळी डबा बंद सापडतो. वीज गेली नाही. उंदीर नाही. आज छडा लागला.

‘झोपताना समदी बटणं बंद करायची, हे तुझ्या सासऱ्यांपासनं हाय. रातभर कोण बघतंय फोटो?’

मी रात्रंदिवस चालणाऱ्या डिस्क का घेतल्या, हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, ‘मग दिवसा चालव की.’

१२ ऑक्टोबर, रविवार

एक गंमत दिसली. कोण काय उघडतंय ते मला डब्याच्या नोंदीत दिसतं. (हेरगिरी नाही. देखरेख.) आज दुपारी खालच्या मजल्यावरून एक फोटो उघडला गेला — विहिरीच्या काठावर दोघे पोरगे, ओले, एकाच टॉवेलात गुंडाळलेले. त्याच वेळी वरच्या मजल्यावरून तोच फोटो! विश्वजीत पलंगावर फोन घेऊन आडवा पडला होता. खाली दादांची खुर्ची करकरत होती.

दोघे एकाच टॉवेलाकडे बघत होते. मध्ये एक स्लॅब.

मी चहा जास्त टाकला आणि दोघांनाही हाका मारल्या. विश्वजीत म्हणाला, ‘नको.’ दादा म्हणाले, ‘आत्ताच झाला.’ ओतून दिला. इतका राग आला की कपही जोरात आपटला. माझाच फुटला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली, फराळ संपत आला. आज दादांनी सांगितलं. धानोरीत भाड्याने फ्लॅट बघितलाय. सामान हलवणार. बिल्डरचं काय व्हायचं ते होवो, पण ‘हितं गुदमरायला होतंय.’

आणि हे सांगितलं कुणाला? मला! ‘त्याला सांग.’

पहिल्यांदाच मी नाही म्हटलं. ‘तुम्हीच सांगा, दादा.’ ते जिन्याच्या वळणापर्यंत आले. डब्यासमोर उभे राहिले. हिरवा दिवा लुकलुकत होता. तसेच खाली गेले.

हेमाताई माझ्या ओट्यापाशी येऊन रडल्या. मीही रडले. आम्ही दोघी कधी भांडलोसुद्धा नाही हो! जावा असून.

२५ ऑक्टोबर, शनिवार

विश्वजीतला मीच सांगितलं. म्हणाला, ‘जाऊ दे.’ मग रिमोटचे सेल काढून घासत बसला. टीव्ही चालू होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

गेले. टेम्पो सकाळी आला. विश्वजीतने कपाट उचलायला हात लावला, दादांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी ते दारातून तिरकं करून काढलं. ‘जरा डावीकडं’ एवढंही बोलले नाहीत. माहीत होतं दोघांना कसं काढायचं ते.

सासूबाईंनी हेमाताईंची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. डोळ्यात टिपूस नाही. खालच्या मजल्याला कुलूप लागलं.

एवढा खटाटोप केला — मुहूर्त, पूजा, वायर, पिठातला राऊटर! डबा एकच आणला तरी घरं दोन झालीच. आज कुणाचीही थट्टा करायचं मनात नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

डबा पीं पीं करतोय, कालच्या गडबडीत ऐकूच आला नाही. दिवा नारिंगी. उघडून बघितलं तर एक खण मोकळा! डिस्क नाही.

चोर? चोर डिस्क नेईल आणि शेजारी लटकलेली हेल्मेटं ठेवून जाईल?

‘मी काढली,’ सासूबाई. भाकरी थापत होत्या, मान वर केली नाही. ‘हेमाच्या ओटीत घातली. खणात गुंडाळून.’

‘चालू डब्यातून खेचली?’ रोज बटण बंद करणाऱ्या बाईने नेमकी चालू असताना!

‘तूच म्हणालीस, एक काढली तरी दुसरीवर समदं ऱ्हातं. म्हणून तर त्यो डबा घे म्हणलं.’

म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. आम्ही समजत होतो, त्या घर धरून ठेवतायत.

‘ह्ये घर दोघांना पुरं देता येत नाय गं,’ म्हणाल्या. ‘अर्धं-अर्धंच करावं लागतं. थोरल्याला वाटणार धाकट्याला जास्त दिलं, धाकट्याला वाटणार थोरल्याला. फोटो तरी पुरं दिलं. दोघांनाबी.’

मला या बाईचा फार अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवते. तोंडावर सांगायला गेले तर कांदा चिरायला देतील.

मग डोक्यातला टेस्टर जागा झाला. ‘आई, पण ती डिस्क नुसती कॉम्प्युटरला लावून उघडत नाही. दादांना काहीच दिसणार नाही. मी फोन करते, जाऊन लावून देते.’

‘तू कशाला?’ भाकरी तव्यावर टाकली. ‘अडलं तर इचारंल की त्यो.’

१० नोव्हेंबर, सोमवार

पीं पीं बंद केली. नवीन डिस्क मागवली नाही अजून. एकीवर चाललंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादांचा फोन आला. ‘ती डिस्क उघडंना. येतो का जरा?’

मला नाही. विश्वजीतला!

विश्वजीतला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे अख्ख्या घराला माहीत आहे. दादांना तर तो लहान होता तेव्हापासून.

तो जेवणावरून उठला. हात धुतला आणि चपला घालून निघाला, काही न विचारता, काही न घेता. सासूबाईंनी त्याची उरलेली भाकरी झाकून ठेवली नाही. ‘तिकडंच जेवंल,’ म्हणाल्या.

ती डिस्क काही आज उघडत नाही.